कापसाची पारख आणि शेअरची पारख

गेल्या वर्षीं परीक्षेचें शुल्क भरण्याची मुदत संपत आली असतां एक पालक शिक्षकांच्या खोलीच्या दारांत येऊन उभे राहिले. शुल्क भरण्यास पंधरा दिवसांची सवलत मिळावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें. गृहस्थ कापूस पिकविणारे, शब्दाचे पक्के; त्यांच्या मुलाचें शुल्क आजवर एक दिवसही मागें राहिलें नव्हतें. म्हणून त्यांना बाजूस बसवून कारण विचारलें, तेव्हां हळूहळू सर्व हकीकत बाहेर आली. मोबाइलवरील एका समूहांत कोणी 'तज्ज्ञ' रोज शेअरांचीं नांवें सांगत असे. त्याच्या सांगण्यावरून त्यांनीं एक ॲप घेतलें आणि कापसाचे आलेले साठ हजार रुपये त्यांत घातले. चार आठवड्यांत साठाचे एक लाख चाळीस हजार झालेले दिसूं लागले. रक्कम काढावयास गेले, तों 'आधीं कराचे बारा हजार भरा' असें उत्तर आलें. तेही त्यांनीं उसने आणून भरले. दुसऱ्या दिवशीं समूह नाहींसा झाला, ॲप उघडेना, आणि तज्ज्ञाचा दूरध्वनि कायमचा बंद पडला.

हें ॲप वडिलांच्या मोबाइलवर उतरवून देणारा त्यांचाच मुलगा, आमचा विद्यार्थी होता. कारण त्यावरील इंग्रजी सूचना वडिलांस वाचतां येत नव्हत्या. तो मुलगा त्यानंतर कित्येक दिवस वर्गांत शेवटच्या बाकावर बसूं लागला. पितापुत्रांच्या संमतीनेंच, नांवगांव न सांगतां, मी हें येथें लिहीत आहें.

यांत माझाही एक दोष आहे, तो लपवून पुढें लिहिणें योग्य होणार नाहीं. याच गृहस्थांनीं दोन महिने आधीं मला रस्त्यांत थांबवून विचारलें होतें, "सर, या शेअरच्या कामीं कोणतें ॲप खरें आणि कोणतें खोटें, कसें ओळखावें?" माझ्या हातीं तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा होता. "अहो, मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं," असें म्हणून मी पुढें चालता झालों. ज्याला कळत नाहीं त्यानें शिकून घ्यावें, हें मी वर्गांत रोज सांगतों. पण स्वतःवर वेळ आली तेव्हां मींच तें केलें नाहीं. त्या उत्तराची लाज वाटून गेलें वर्षभर या विषयाचें जें थोडेंबहुत वाचन केलें, त्यांतून बनलेलें माझें मत आज पालकांपुढें आणि विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक विसंगति पाहावी. हेच गृहस्थ बियाणें घेतांना पाकिटावरील तारीख व लॉट नंबर वाचल्याशिवाय पैसे देत नाहींत, आणि पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाहींत. खामगांवच्या बाजारांत त्यांच्या गाडींतील कापूस व्यापारी हातांत घेतो, धागा ओढून पाहतो, ओल किती, कवडी किती हें पाहतो, आणि मगच भाव बोलतो. हा रिवाज आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणीं पडलेला आहे. कापसाच्या बाबतींत जो समाज इतका सावध, तोच शेअरच्या बाबतींत डोळे मिटून कां चालतो? माझ्या मतें याचें कारण लोभ हें अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें कारण असें कीं, कापूस कसा पारखावा हें आपणांस वाडवडिलांनीं शिकविलें. शेअर कसा पारखावा हें कोणीं शिकविलें नाहीं.

वास्तविक कापूस आणि शेअर यांचें नातें जुनें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस त्या वेळीं जें महत्त्व चढलें त्याची साक्ष खामगांवची बाजारपेठ अजून देते. मुंबईंत पैशाचा पूर लोटला आणि त्या पुरांतून नव्या नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर तर मूळ किमतीच्या अनेक पटींनीं विकले जाऊं लागले. कंपनी काय करते, तिच्यापाशीं काय आहे, हें पाहण्याची कोणास फुरसत नव्हती. शेठ प्रेमचंद रायचंद यांचें नांव मागें आहे, एवढें पुरे होत असे. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध थांबलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याबरोबर हा सर्व डोलारा खालीं आला. प्रेमचंदांसारख्या धनिकाचेंही दिवाळें निघालें. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा मुंबईस गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. तो पाहतांना ही गोष्टही आठवावी. या अनर्थानंतर दहा वर्षांनीं, १८७५ सालीं, मुंबईच्या दलालांनीं आपली संघटना स्थापिली. तीच आजचा मुंबई शेअरबाजार होय.

त्या काळच्या लोकांपाशीं माहिती नव्हती, ही त्यांची अडचण होती. आज आपली अडचण उलट आहे. आज मलकापूरच्या विद्यार्थ्यास आणि मुंबईच्या दलालास कंपनीचा ताळेबंद एकाच क्षणीं वाचतां येतो. परंतु त्याच मोबाइलवर ताळेबंद, वर्तमानपत्र, जाहिरात, अफवा आणि ठकबाजी हीं सर्व एकाच रंगाच्या कपड्यांत येऊन उभीं राहतात. म्हणून 'कोणतें साधन वापरावें' हा प्रश्न आतां केवळ सोयीचा राहिला नसून विवेकाचा झाला आहे. माझ्या मतें हीं साधनें चार पायऱ्यांवर मांडून पाहावीं.

पहिली पायरी मूळ कागदांची. मुंबई शेअरबाजार व राष्ट्रीय शेअरबाजार यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक नोंदणीकृत कंपनीस आपले कागद ठेवावे लागतात. सेबी या नियामक संस्थेच्या नियमान्वयें तिमाहीचा हिशेब ४५ दिवसांच्या आंत आणि वर्षाचा हिशेब ६० दिवसांच्या आंत प्रसिद्ध करणें कंपनीवर बंधनकारक आहे. प्रवर्तकांचा वाटा किती आणि त्यांपैकीं किती शेअर त्यांनीं गहाण टाकले आहेत, हेंही दर तिमाहीस सांगावें लागतें. हे कागद विनामूल्य आहेत. वाचावयास रुक्ष आहेत हें खरें. परंतु सातबाराचा उतारा तरी कोठें रसाळ असतो? जमीन घेतांना आपण तोच पाहतों.

दुसरी पायरी या कागदांतील आंकडे निवडून, ओळीनें मांडून देणाऱ्या साधनांची. 'स्क्रीनर' हें यांतलें प्रसिद्ध नांव. कंपनीची विक्री, नफा, कर्ज, हातीं आलेली रोकड यांचे सुमारें दहा वर्षांचे आंकडे तें एका पानावर मांडतें, आणि त्याच पानावर मूळ वार्षिक अहवालाचा दुवाही देतें. शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण शंका आल्यास वाचकास मुळापाशीं जातां येतें.

तिसरी पायरी बातम्या देणाऱ्या व गुण देणाऱ्या साधनांची. 'मनीकंट्रोल'वर बातम्या व भाव मिळतात. 'ट्रेंडलाईन' कंपनीस टिकाऊपणा, मूल्य व गति यांबद्दल गुण देतें. 'टिकरटेप' गुणपत्रक मांडतें. आणि चौथी पायरी म्हणजे समूह, चित्रफिती आणि 'आज हा घ्या, उद्यां तो विका' असें सांगणारे उपदेशक. माझें मत असें कीं, सामान्य माणसानें पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेक वेळ घालवावा, तिसरीवर थोडा, आणि चौथीवर मुळींच नाहीं. या साधनांपैकीं कोणाशींही माझा देण्याघेण्याचा संबंध नाहीं. उद्यां यांहून चांगलें साधन निघेल. म्हणून नांवें पाठ करण्यापेक्षां पारख शिकावी. ती तीन प्रश्नांत सांगतां येईल.

पहिला प्रश्न: हा आंकडा कोठून आला? एक साधें उदाहरण घेऊं. एका शेअरचा भाव ३०० रुपये आहे. गेल्या पूर्ण वर्षांत त्या कंपनीनें एका शेअरमागें १० रुपये मिळविले. परंतु अलीकडच्या चार तिमाह्यांची बेरीज १५ रुपये होते. एक साधन वर्षाचा आंकडा धरतें आणि सांगतें कीं, भाव मिळकतीच्या ३० पट आहे. दुसरें तिमाह्यांची बेरीज धरतें आणि २० पट सांगतें. पहिल्याच्या वाचकास शेअर महाग वाटतो, दुसऱ्याच्या वाचकास स्वस्त. आणि दोन्ही साधनें खोटें बोलत नाहींत! तसाच भेद कंपनीच्या एकट्या हिशेबांत आणि तिच्या पोटकंपन्यांसह केलेल्या एकत्र हिशेबांत असतो. मूळ कंपनी कर्जमुक्त दिसावी आणि सर्व कर्ज पोटकंपनीच्या माथीं असावें, असें होऊं शकतें. म्हणून जें साधन आपला आंकडा कोणत्या हिशेबावरून काढला हें सांगतें तें चांगलें, आणि जें नुसता हिरवा किंवा तांबडा रंग दाखवितें तें कमी चांगलें. गणिताच्या उत्तरपत्रिकेंत रीत न दाखवितां नुसतें उत्तर लिहिणाऱ्यास आम्ही पूर्ण गुण देत नाहीं. येथेंही तोच न्याय लावावा.

दुसरा प्रश्न: याचें पोट कशावर चालतें? फुकट साधन चालविणाऱ्यासही चरितार्थ असतोच. कोणी जाहिरातींवर चालतो, कोणी वर्गणीवर, कोणी आपण केलेल्या प्रत्येक खरेदीविक्रीच्या दलालीवर. दलाली घेणें हें पाप नव्हे. परंतु ज्याची मिळकत आपल्या धांवपळीवर अवलंबून आहे, त्याचें ॲप 'स्वस्थ बसा' असा सल्ला सहसा देणार नाहीं, हें ओळखून असावें. वर्गणीचाही हिशेब करावा. पन्नास हजारांचें भांडवल असणाऱ्यानें पांच हजारांची वार्षिक वर्गणी भरली, तर दहा टक्के तोटा वर्षाच्या पहिल्याच दिवशीं पदरीं पडला. दोन एकर शेतीसाठीं कोणी ट्रॅक्टर विकत घेत नाहीं.

तिसरा प्रश्न: हें साधन मला वाईट बाजू दाखवितें काय? नफा सर्वच दाखवितात. कर्ज, गहाण शेअर, लेखापरीक्षकाचे आक्षेप आणि प्रत्यक्ष हातीं आलेली रोकड, या गोष्टी कोठें ठळक आहेत तें पाहावें. यांत रोकडीचें महत्त्व कास्तकाराच्या मुलास सांगावें लागूं नये. कापूस उधारीवर दिला आणि वहींत एक लाख मांडले, म्हणून घरांत एक लाख येत नाहींत. ज्या कंपनीचा नफा वर्षानुवर्षें वाढतो पण रोकड येत नाहीं, तिच्यापाशीं थांबून विचार करावा.

एवढें केलें म्हणजे धोका टळला काय? नाहीं, आणि हें स्पष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या मोठ्या कंपनीच्या हिशेबांत रोकडही भरपूर दिसत होती, आणि नामांकित लेखापरीक्षकांची सहीही होती. ७ जानेवारी २००९ रोजीं तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं स्वतःच पत्र लिहून कळविलें कीं, हिशेबांतील सुमारें ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वांतच नाहीं. त्या दिवशीं कोणतेंही साधन कोणास वाचवूं शकलें नाहीं. कारण साधन हा आरसा आहे, आणि मुखवटा घालून समोर आलेल्याचा आरसा मुखवटाच दाखवितो. याच कारणास्तव सर्व पैसा एका कंपनींत घालूं नये, आणि घरखर्चाचा, शिक्षणाचा, आजारपणाचा पैसा तर बाजारांत मुळींच नेऊं नये. ज्ञान धोका कमी करतें. तो नाहींसा करीत नाहीं.

आतां गुणपत्रकें व भविष्यें यांविषयीं. आपल्या जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पाऊसपाण्याचें व पिकांचें भाकीत सांगितलें जातें. दूरदूरचे शेतकरी तें ऐकावयास जमतात. परंतु तें आदरानें ऐकणारा जाणता शेतकरी देखील पेरणी करतांना जमिनींत ओल किती खोल गेली आहे तें स्वतः उकरून पाहतो. शेअरच्या गुणपत्रकाशींही आपलें वर्तन तसेंच असावें. ऐकावें, पण ओल पाहिल्याशिवाय पेरूं नये. यंत्रबुद्धीस प्रश्न विचारून उत्तर घेण्याची जी नवी सोय झाली आहे तिलाही हेंच लागू आहे. ती कठीण इंग्रजी अहवालाचा अर्थ मराठींत समजावून सांगते, हा मोठा लाभ; पण ती चुकीचा आंकडाही तितक्याच आत्मविश्वासानें सांगूं शकते. म्हणून तिनें दिलेला आंकडा मूळ अहवालाशीं ताडून पाहिल्याशिवाय वहींत उतरवूं नये.

चौथ्या पायरीवरील उपदेशकांविषयीं मी इतका कठोर कां, असें कोणी विचारील. सल्ला देणाऱ्यांनीं व संशोधन-अहवाल लिहिणाऱ्यांनीं नोंदणी करावी, असे सेबीचे नियम अनुक्रमें २०१३ व २०१४ सालापासून आहेत. आणि नोंदणी आहे कीं नाहीं, हें सेबीच्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतें. जानेवारी २०२५ मध्यें सेबीनें असेंही स्पष्ट केलें कीं, जो केवळ शिक्षण देतों म्हणतो त्यानें गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून शेअरांविषयीं बोलूं नये. शिक्षक म्हणून मला हा भेद पटतो. जो खरोखर शिकवितो त्याला जुनें उदाहरण पुरतें. ज्याला आजचाच भाव लागतो तो शिकवीत नसून विकत असतो. आणि हे उपदेशक जिकडे नेतात त्या वायद्याच्या व्यवहारांचें फळ काय? सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं ९३ टक्के लोकांस तोटा झाला, आणि तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेली. शंभरांतील त्र्याण्णव विद्यार्थी जेथें नापास होतात त्या शाळेंत कोणता पालक आपलें मूल घालील?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो मला खरा वाटतो. दिवसभर शेतांत राबणाऱ्यानें किंवा दुकान सांभाळणाऱ्यानें हे अहवाल वाचावे केव्हां? ज्याला वेळ नाहीं, किंवा आवड नाहीं, त्यानें एकेक शेअर निवडण्याच्या भानगडींत पडूंच नये. बाजाराच्या निर्देशांकांतील सर्व कंपन्यांत थोडा थोडा पैसा घालणारे कमी खर्चाचे निर्देशांक-फंड त्याच्यासाठीं आहेत. त्यांतही चढउतार आहेतच, पण एका कंपनीच्या मुखवट्यानें सर्वस्व बुडण्याची भीति नाहीं. आणि ज्याला हेंही नको त्यानें टपाल कचेरींत वा बँकेंत ठेव ठेवावी. शेअर न घेणें हा कांहीं मागासलेपणा नव्हे. परंतु 'वेळ नाहीं' म्हणून परक्याच्या सांगण्यावरून पैसे टाकणें, हा मात्र वेळ वांचविण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस माझें सांगणें थोडें निराळें आहे. आज पुष्कळ घरांत इंग्रजी वाचणारे आणि मोबाइल चालविणारे पहिले तुम्हीच आहांत. म्हणजे वडिलांच्या कष्टाच्या पैशाच्या दारावरील पहारेकरी, नकळत, तुम्हीच झालां आहांत. एखादें ॲप उतरवून देण्यापूर्वीं तें कोणाचें आहे, नोंदणी कोठें आहे, पैसे कोणाच्या खात्यांत जाणार, हें वाचून वडिलांस मराठींत समजावून सांगा. 'काढण्याआधीं भरा' असें कोणी म्हणूं लागला कीं तो ठक समजावा, आणि फसवणूक झालीच तर लाजेनें दडून न बसतां त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर जितका कमी तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

दुसरें, एक वही घाला. एखादी कंपनी निवडा, जिचा माल घरांत येतो अशी. आणि पैसा न घालतां वर्षभर तिचा अभ्यास करा. ती काय विकते, पैसा कसा मिळविते, कर्ज किती, रोकड किती, आणि कोणती गोष्ट घडली तर माझें मत चुकलें असें मी मानीन, हें एका पानांत स्वच्छ मराठींत लिहा. जें आपणांस आपल्या भाषेंत एका पानांत सांगतां येत नाहीं तें आपणांस समजलेलें नाहीं, अशी खूणगांठ बांधावी. अठरा वर्षें पूर्ण होतील तेव्हां पैसा घालावा कीं नाहीं हें तुम्ही ठरवालच. पण वही तोंवर तयार असावी. शाळेनेंही वाणिज्याच्या विद्यार्थ्यांपुरतें हें ज्ञान न ठेवतां सर्व वरच्या वर्गांत ताळेबंद वाचावयास शिकवावें, असें माझें आग्रहाचें मत आहे.

प्रारंभीं ज्यांची हकीकत सांगितली त्या गृहस्थांचे पैसे अद्याप परत मिळालेले नाहींत. शुल्क त्यांनीं सांगितल्याप्रमाणें पंधराव्या दिवशीं भरलें. त्यांचा मुलगा आतां शेवटच्या बाकावर बसत नाहीं. गेल्या महिन्यांत तो एका बियाणें-कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन मजकडे आला आणि 'सर, यांत नफा वाढला आहे, पण रोकड कां आली नाहीं?' असें विचारूं लागला. मला त्याचें पूर्ण उत्तर देतां आलें नाहीं. पण या खेपेस 'मला कळत नाहीं' एवढें म्हणून मी पुढें गेलों नाहीं. खुर्ची ओढून दोघेही तो अहवाल वाचावयास बसलों.